गिझरवाल्याची ठकी

त्याला मी गेली नऊ वर्षं ओळखते, आणि या नऊ वर्षांत तो खुर्चीला पाठ टेकून बसलेला मी एकदाही पाहिलेला नाही. गिझर दुरुस्त करणारा माणूस. माझ्या न्हाणीघरातला गिझर जवळजवळ माझ्याच वयाचा, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी त्याची फेरी होतेच. आला की आधी घरभर एक चक्कर मारतो, नळ उघडतो, बंद करतो, पाना या हातातून त्या हातात घेतो, आणि मग कुठे शिडीवर चढतो. चहा दिला तर उभ्यानेच पितो, तोही येरझाऱ्या घालत. त्याच्या धंद्यातले लोक त्याला भिंगरी म्हणतात. मी एकदा म्हटलं, "अरे, पायाला चाकं लावलीस का काय?" तर म्हणाला, "ताई, मी बसलो की माझं डोकं उठतं."

कामात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नाही. आमच्याकडचं पाणी जड. टाकीतली कॉइल बाहेर काढली की ती ओळखूही येत नाही, इतकी तिच्यावर पांढरी पुटं चढलेली असतात. तो पान्याच्या उलट्या बाजूने हलके टोले देतो आणि खपल्या टपटप बादलीत पडतात. "हा सगळा चुना," तो सांगतो. "बसताना आवाज करत नाही. पाणी तापायला वेळ लागतोय, एवढंच लोकांना कळतं. मला बोलावतात तोवर अर्धी नळी आतून बुजलेली असते."

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात असते. काचा घासायच्या, चौकटीत बसवायच्या, केसाएवढा फरक पडू द्यायचा नाही. हा एका जागी मिनिटभर टिकत नाही आणि ती एका स्टुलावर चार-चार तास. दोघांचं कसं जमलं कोण जाणे, पण जमलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले, तेव्हा तो माझ्याकडे काही काम नसताना येऊन बातमी सांगून गेला. जिन्यातूनच.

बाळंतपण अडलं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. सुटका व्हायला मोजून चार मिनिटं लागली असतील, पण मुलगी जन्मली ती निळी, आणि रडली नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या त्याला रडणं ऐकू यायचं होतं. त्याऐवजी आतून भराभर चालणाऱ्या चपला ऐकू आल्या.

तासाभराने बाळांचे डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "श्वास आता चालू आहे. पण मेंदूला काही मिनिटं प्राणवायू कमी पडलाय. मेंदू वाचवायचा तर तिला तीन दिवस थंड ठेवावं लागेल. लगेच ठरवायचं आहे, उशीर झाला तर उपयोग नाही."

"थंड?" तो म्हणाला. "तान्ह्या बाळाला थंड कोण ठेवतं?"

"आम्ही ठेवतो. साडेतेहतीस अंशांवर."

त्याने सही केली. आयुष्यभर लोकांचं पाणी तापवून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीला गार करायला परवानगी दिली, हे तो पुढे कितीतरी दिवस घोकत होता.

काचेआडच्या खोलीत तिला एका पातळ गादीवर ठेवलं होतं. गादीच्या आतून गार पाणी फिरत होतं, दोन नळ्या शेजारच्या यंत्रात गेल्या होत्या. ते यंत्र पाहून त्याला कसंतरीच झालं. हे तर त्याचंच यंत्र, फक्त उलटं चालणारं. त्याला आत जायला दिलं तेव्हा त्याने मुलीच्या तळव्याला बोट लावलं. तळवा माठासारखा गार. तो नर्सला म्हणाला, "सिस्टर, याचा थर्मोस्टॅट कुठे असतो?"

"का हो?"

"बिघडतो तो. मी रोज दोन तरी बदलतो."

"इथे दोन आहेत," सिस्टर म्हणाल्या. "आणि तिसरी मी आहे. दर तासाला बघते. तुम्ही जरा बाहेर बसा."

बसायचं त्याला कुठे ठाऊक होतं? तो तीन दिवस त्या मजल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. प्रत्येक फेरीला काचेतून आकडा वाचायचा. तेहतीस पाच. तेहतीस चार असला की काचेवर टकटक करायचा. तीन दिवसांनी तिला पुन्हा ऊब द्यायला घेतली, तीही दर तासाला अर्धा अंश, याहून जास्त नाही. "एवढं हळू?" तो सिस्टरांच्या मागे लागला. "घाईने तापवलं तर झटके येतात," त्या म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी ती पहिल्यांदा रडली, मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात, आणि त्याला वाटलं, चला, सुटलो.

अकराव्या दिवशी घरी आली. मदतीला त्याच्या सासूबाई येऊन राहिल्या होत्या. मुलगी गोल तोंडाची, डोळे मोठाले, हलायची कमी. सासूबाई म्हणाल्या, "अगदी लाकडाची ठकी ग बाई!" आणि तेच नाव पडलं.

दोन दिवसांनी सकाळी आंघोळ घालताना त्यांचा हात मुलीच्या पाठीवर थांबला. त्यांनी पुन्हा फिरवला. मग आपल्या लेकीला हाक मारली. "इकडे ये बघू. हे काय लागतंय?"

दोन्ही खांद्यांच्या मध्ये आणि खाली कमरेपर्यंत कातडीखाली काहीतरी टणक होतं. एक गाठ नव्हे, अशा कितीतरी, एकमेकींना चिकटलेल्या. वरची कातडी जांभळट लाल. दाबलं की मुलगी कळवळून रडे. तिच्या आईने पाठीवर तळहात ठेवला आणि काढून घेतला. तो आंघोळीच्या खोलीच्या दारात उभा होता, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "आजपासून तिला ठकी म्हणायचं नाही."

घरात तासभर नुसता गोंधळ. सासूबाईंना वाटलं, त्या गादीवर निजवून निजवून पाठ सडली. त्याला वाटलं, गादीचं पाणी ठरल्यापेक्षा गार झालं असणार आणि त्या लोकांनी लपवलं. तो बूट घालून दारात जाऊन उभाही राहिला, भांडायला. बायको म्हणाली, "आधी दाखवू. मग भांड."

त्वचेच्या डॉक्टर पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. त्यांनी आधी हात चोळून गरम केले, मग ठकीला मांडीवर पालथं घेतलं आणि बोटांनी एकेक गाठ तपासली. घाई अजिबात नाही. सोनोग्राफी झाली, रक्त दिलं, मग त्यांनी तिघांना समोर बसवलं. म्हणजे दोघींना. तो उभाच होता.

"तान्ह्या बाळाची चरबी आपल्यासारखी नसते," त्या म्हणाल्या. "लोण्यासारखी असते, गारठ्यात पटकन घट्ट होणारी. हिला जन्मताना प्राणवायू कमी पडला, त्यात तीन दिवसांचा गारवा. कातडीखालची काही चरबी जागच्या जागी मेली आणि टणक झाली. क्वचित होतं. मी आजवर अशी तीन बाळं पाहिली, ही चौथी."

"म्हणजे गारव्यानेच झालं," तो म्हणाला. "मग दिला कशाला?"

"दिला नसता तर कदाचित आज आपण गाठींबद्दल बोलत नसतो. त्याहून मोठ्या गोष्टींबद्दल बोलत असतो."

सासूबाईंनी विचारलं, "औषध काय लावायचं?"

"काही नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही. पाठीवर कमी ठेवा, जवळ घ्या. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत विरतील." सासूबाईंनी सुस्कारा सोडला. डॉक्टरांनी हात वर केला. "थांबा. मला काळजी गाठींची नाही. त्या विरताना कधी कधी रक्तातलं कॅल्शियम वाढतं. आज नाही, आजचं चांगलं आहे. महिन्याने, दोन महिन्यांनी. गाठी गेल्या म्हणून सगळे निर्धास्त होतात, नेमकं तेव्हा. म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं, निदान सहा महिने डोळ्यात तेल घालून बघायचं. डी जीवनसत्त्वाचे थेंब आजपासून बंद. दूध कमी प्यायली, उलट्या झाल्या, शी अडली, फार झोपायला लागली, तर वाट न बघता यायचं."

"कॅल्शियम म्हणजे चुनाच ना?" त्याने विचारलं.

"तसंच समजा."

"वाढला तर जातो कुठे?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "मूत्रपिंडात बसू शकतो."

पुढे त्या काय बोलल्या ते त्याला आठवत नाही. बाकीच्या दोघींनी ऐकला तो एक शब्द होता. त्याने मात्र रोज हातात घेऊन बघितलेली वस्तू ऐकली होती.

तिथून त्याचं जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. थेंबांची बाटली त्याने त्याच दिवशी फेकली. घरातल्या प्रत्येक डब्यावरचं बारीक अक्षर वाचून काढलं. बायकोचं दूध पिणं बंद करायला निघाला, तर डॉक्टरांनी फोनवरून झापलं, "त्यांना का उपाशी मारताय?" कामावर गेला तरी तासाला फोन. किती प्यायली? झोपलीय का? का झोपलीय? सासूबाई फोन कानापासून लांब धरून म्हणत, "जावईबापू, तान्हं बाळ झोपणार नाही तर काय कविता करणार?"

दर मंगळवारी रक्त. एवढासा हात, त्यातली शीर सापडायची नाही, मग टाचेला टोचायचं. मुलगी काळीनिळी होईस्तोवर रडायची. आकडे त्याला पाठ झाले होते: नऊ आठ, दहा, दहा दोन, दहा, नऊ नऊ. सगळे ठीक. आणि इकडे गाठी खरंच मऊ पडत चालल्या. जांभळटपणा गेला, मग कडा बोथट झाल्या. पाचव्या आठवड्यात पाठीचा वरचा भाग बोटाखाली जवळजवळ साधा लागायला लागला. घरात हसू परतलं. सगळ्यांच्या तोंडून पुन्हा ठकी सुटलं आणि कोणी कोणाला अडवलं नाही.

सहाव्या मंगळवारी सकाळी तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा बायको उठलीच नाही. मुलगी तिच्या कुशीत होती.

"आज नको," ती म्हणाली.

"मंगळवार आहे."

"माहीत आहे. पाच वेळा चांगलं आलं. पाठ बघ, काही राहिलं नाही. किती टोचायचं रे? मुलगी आहे ती, गिझर नाही. दर आठवड्याला उघडून बघायला."

सासूबाईही म्हणाल्या, "एक आठवडा राहिलं तर काही बिघडत नाही."

त्याने मला सांगितलं, "ताई, मी हो म्हणालो. मनातून मलाही तेच हवं होतं. तिला धरून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं." त्याने बूट काढून ठेवले. त्या दिवशी दोन गिझर जास्त दुरुस्त केले आणि एकदाही घरी फोन केला नाही. मुद्दाम.

त्या आठवड्यात ठकी फार गुणी झाली. रडणं कमी, झोप जास्त. सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, "आता शहाणी झाली आमची." अंगावर पिताना मात्र मध्येच सोडून देई. उकाड्याने असेल, असं त्यांनी धरलं. लंगोट सारखे ओले, तेव्हा दूध तर पोटात जातंय, असंही धरलं.

पुढच्या सोमवारी तो माझ्याकडे आला होता. शिडीवर चढला होता, टाकी रिकामी केलेली, कॉइल बाहेर, खाली बादली. मी दारात उभी राहून बोलत होते. फोन वाजला. तो शिडीवरूनच बोलला, आणि मला फक्त त्याची बाजू ऐकू येत होती.

"किती वेळा?... शी कधी झाली होती?... आज सोमवार, म्हणजे चार दिवस?... मग मला का नाही..." मग अगदी हळू, "उठवून बघ तिला. चिमटा काढ पायाला. रडते का?"

तो शिडीवरून उतरला की पडला ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "अरे, हात तरी धू." हात कोपरापर्यंत पांढरे होते. तो तसाच गेला. माझा गिझर तीन भागांत जमिनीवर पडलेला, आणि नळाला पाणी नाही.

दवाखान्यात पोचला तेव्हा बायको आणि सासूबाई आधीच आल्या होत्या. ठकी बायकोच्या खांद्यावर, ओल्या फडक्यासारखी. रक्ताचा आकडा अर्ध्या तासात आला: चौदा पूर्णांक तीन. आकडा सांगणाऱ्या तरुण डॉक्टरने तो दोनदा वाचला, त्यावरूनच कळलं.

सलाइन लावायचं होतं. शीर सापडेना. एरवी मुलीला धरायचं काम त्याचं, पण त्या दिवशी त्याचे हात अजून चुन्याने पांढरे होते. बायको पुढे झाली. "मी धरते." तिने तो चिमुकला हात दोन बोटांत असा धरला की तसूभर हलला नाही. तिसऱ्या वेळी सुई बसली. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही काय काम करता हो?" "चष्म्याच्या काचा बसवते," ती म्हणाली.

त्याला बाहेर काढलं होतं. तो खोलीबाहेरच्या बोळात येरझाऱ्या घालत राहिला. फरशी पुसणाऱ्या बाईंनी चार फेऱ्या सोसल्या, पाचव्या फेरीला म्हणाल्या, "अहो, पुसलेल्यावरून किती वेळा जाल? फिरायचंच असेल तर हे घेऊन फिरा." आणि पोछ्याचा दांडा त्याच्या हातात दिला. त्याने अख्खा बोळ पुसला. मग जिना पुसला. बाईंनी त्याला दोनदा पाणी बदलून दिलं आणि काही विचारलं नाही.

अकरा दिवस तिथे काढले. सलाइन, लघवी वाढवायचं औषध, स्टेरॉइडचे थेंब. काही दिवस आईच्या दुधाच्या जोडीला कॅल्शियम कमी असलेलं खास दूध. इतके दिवस न रडलेली बायको त्या दुधाचा डबा बघून रडली. आकडा तेरा सहावर आला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेरा आठ झाला. त्या संध्याकाळी तिनेच विषय काढला.

"मी म्हणाले होते, आज नको."

"मी बूट काढले," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने त्वचेच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, "मागच्या मंगळवारी आलो असतो तर?"

त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. "तर कदाचित कमी असताना सापडलं असतं. कदाचित त्या दिवशी चांगलंच आलं असतं आणि तुम्ही आणखी निर्धास्त झाला असता. मला माहीत नाही. पण फोन आल्यावर तुम्ही वाट बघत बसला नाहीत, ते मला माहीत आहे."

पाचव्या दिवशी आणखी एक औषध शिरेतून दिलं आणि त्यानंतर आकडा खाली यायला लागला. बारा एक. अकरा चार. आठव्या दिवशी ठकी दूध ओढून प्यायली, पोटभर, आणि नंतर सिस्टरांच्या अंगावर जे काही इतक्या दिवसांचं साठलं होतं ते सगळं मोकळं केलं. सिस्टर कपडे बदलायला गेल्या तेव्हा सासूबाई हात जोडून हसत होत्या.

घरी सोडायच्या आधी पोटाची सोनोग्राफी झाली. दोन्ही मूत्रपिंडांत पांढरे ठिपके होते. थोडे, पण होते. त्याने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काढता येतात?"

"नाही," सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले; त्याचा धंदा एव्हाना त्यांनाही ठाऊक झाला होता. "टोले देऊन पडणारे नाहीत हे. काही आपोआप जातील, काही राहतील. बहुतेक वेळा त्रास देत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

"बहुतेक वेळा," तो म्हणाला.

"बहुतेक वेळा," डॉक्टर म्हणाले.

माझा गिझर त्याने चौदाव्या दिवशी येऊन जोडला. तोवर मी शेजारणीकडून बादल्या आणत होते. काम करता करता त्याने हे सगळं मला सांगितलं, मागचं पुढे, पुढचं मागे, आणि मी नंतर सारखं करून लावलं. रक्ताच्या तपासण्या सहा महिने चालल्या, त्यानंतर एकही मंगळवार चुकला नाही. चौदाव्या महिन्यात ठकी चालली. बोलायला उशीर करते की काय म्हणून त्याने सगळ्यांचा जीव खाल्ला, आणि आता ती बोलायची थांबत नाही. पाठीवर उजव्या खांद्याखाली अंगठा बसेल एवढा खळगा राहिलाय, तिथली चरबी भरून आली नाही. उजवं मूत्रपिंड स्वच्छ झालं. डाव्यात एक ठिपका अजून आहे.

गेल्या वर्षी त्वचेच्या डॉक्टरांचा त्याला फोन आला. "पाचवं बाळ आलंय माझ्याकडे. आईबाप घाबरलेत. मी सांगून त्यांना जेवढं कळायचं तेवढं कळलंय. तुम्ही याल का?"

तो काम टाकून गेला. बाप ट्रक चालवणारा, धिप्पाड, मुलाला असा धरून बसला होता की जणू काचेचं भांडं. आई भिंतीकडे बघत होती. गिझरवाल्याने आधी बाळाची पाठ बघितली, विचारून, हात गरम करून. मग म्हणाला, "या गाठी जातील. त्या गेल्या की घरातले सगळे सांगतील, आता पुरे. तेव्हा ऐकू नका. आणि तो एकाएकी शांत झाला, तर खूश होऊ नका. बस, एवढंच मला कळतं."

"तुमची बरी आहे ना आता?" ट्रकवाल्याने विचारलं.

"बरी आहे. काल माझ्या बुटांत पाणी ओतून ठेवलं तिने."

ट्रकवाला हसला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही आता निवांत."

गिझरवाला खिडकीपर्यंत जाऊन परत आला. खोटं बोलावं की नाही, याचा विचार करत होता, असं त्याने मला सांगितलं. शेवटी म्हणाला, "नाही. परवा तिची सोनोग्राफी आहे आणि मला दोन दिवस जेवण जात नाही. तिच्या आईला जातं. तुमच्यापैकी एकाला तरी जेवता आलं पाहिजे." भिंतीकडे बघणारी ती बाई तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे वळली.

"पुढचं रक्त कधी?" त्याने विचारलं.

"गुरुवारी."

गुरुवारी तो माझ्याकडे गिझरला आला होता, तिथूनच दुपार व्हायच्या आत त्याने त्यांना तीन फोन केले. चौथ्या फोनला आकडा मिळाला: दहा एक. त्याने तो माझ्या गिझरच्या पत्र्यावर खिळ्याने कोरला, मला न विचारता, आणि पुढचा गुरुवार किती तारखेला येतो ते बघायला माझं कॅलेंडर उलटायला लागला.